कांतीव शिटी

जत्रेंतून परतणाऱ्या मुलाच्या हातांत बहुधा एक शिटी असते. ती घरांत येते, दिवेलागणीपर्यंत अखंड वाजते, वडील माणसें त्रासतात, आणि दोन दिवसांनीं ती कोठें तरी कोनाड्यांत पडून राहते. इतक्या अल्प मोलाच्या वस्तूकडे निरखून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ती शिटी लांकडाची असेल आणि एखाद्या कांताऱ्यानें चरकावर कांतून केलेली असेल, तर एकदां ती उजेडांत धरून अवश्य पाहावी. बाहेरून ती एक गुळगुळीत, रंगीत नळी असते. तिचें एक टोंक बंद असतें. दुसरें टोंक ओठांत धरण्यासाठीं खालून तिरकें कापलेलें असतें. वरच्या अंगास एक लहान चौकोनी खिडकी असते, आणि तोंडाकडून आंत डोकावलें तर तेथें एक खुंटी बसविलेली दिसते. यापलीकडे तिच्यांत कांहीं नाहीं. तंबोऱ्याची तार नाहीं, मृदंगाचें कातडें नाहीं, पेटींतल्यासारखी पितळेची पत्ती नाहीं. मग फुंक मारतांच वाजतें तें काय?

लांकडाच्या आंत कांताऱ्यानें जी रिकामी जागा राखलेली असते, तिच्यांतली हवा वाजते. लांकूड हें त्या हवेचें केवळ घर होय. म्हणून शिटी करणाऱ्याचें काम पलंगाचा खूर किंवा लाटणें करणाऱ्याच्या कामाहून उलट दिशेनें चालतें. खूर बाहेरून घडवीत जावयाचा असतो. तो आंतून कसा आहे, हें कोणी विचारीत नाहीं. शिटींत आंतील पोकळी आधीं, आणि बाहेरचा आकार मागाहून. हा क्रम ज्याच्या अंगवळणीं पडला नाहीं, त्याची शिटी दिसावयास कितीहि सुरेख असली तरी मुकी राहण्याचा संभव असतो.

मराठींत सूत काढण्याच्या क्रियेला आणि लांकूड फिरवून गोल करण्याच्या क्रियेला एकच शब्द आहे. दोहोंसहि कांतणें असेंच म्हणतात. दोन्ही ठिकाणीं फिरणें हाच मुख्य व्यापार असल्यामुळें हें नांव पडलें असावें. लांकूड कांतणारा तो कांतारी. पाळण्याचे खांब, रव्या, लाटणीं, भोंवरे, खुळखुळे, बुद्धिबळांतलीं प्यादीं, असा त्याचा माल. सावंतवाडीचीं लांकडी फळें आणि खेळणीं महाराष्ट्रांतील घरांना परिचयाचीं आहेत. कर्नाटकांत बंगळूरहून म्हैसुरास जाणाऱ्या रस्त्यावर चन्नपट्टण म्हणून गांव आहे. तेथें तर कांतीव खेळण्यांवरच शेंकडों कुटुंबांचा निर्वाह चालत आलेला आहे, आणि तेथील खेळण्यांना भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. अशा एखाद्या कांताऱ्याच्या दुकानांत तीन इंच लांबीची एक साधी शिटी करावयाची झाल्यास तें काम कसें चालतें, हें क्रमानें पाहण्यासारखें आहे.

प्रथम लांकूड. चन्नपट्टणास ज्याला हाले म्हणतात, त्या झाडास मराठींत काळा कुडा हें नांव आहे. त्याचें लांकूड पांढरट, बारीक कणांचें आणि हस्तिदंतासारखें एकजीव असतें. पटाशीखालीं त्याचे कपचे उडत नाहींत, कातर सुटतें. कोंकणांत शिवणीचें लांकूड अशा कामास चांगलें, कारण एकदां वाळल्यावर तें फारसें वांकत नाहीं. शिसवी कठीण व जड. तिचा आकार रेखीव उठतो, पण हत्यार वारंवार लावावें लागतें. लांकूड कोणतेंहि असो, तें नीट वाळलेलें पाहिजे. ओलें लांकूड आकसतें, आणि सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं. ओंडक्याच्या वर्तुळाकार कड्यांच्या दिशेनें तें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें आकसतें. लांबीच्या दिशेनें तर जवळजवळ नाहींच. याचा परिणाम असा होतो, कीं ओल्या लांकडांत पाडलेलें अगदीं गोल भोंक कांहीं आठवड्यांत लंबगोल होऊन बसतें. गोल खुंटी मग त्यांत बसत नाहीं, तिच्या कडेनें वारा निसटतो, आणि शिटी बंद पडते. म्हणून जाणता कांतारी तुकडे कापून, त्यांच्या टोंकांना मेण फांसून, महिनोन्‌महिने सावलींत ठेवतो. टोंकांतून ओलावा लवकर उडतो व तेथेंच चिरा पडतात; मेणानें तो वेग आवरला जातो. या थांबण्याचें मोल मालाच्या किंमतींत कोठेंहि लिहिलेलें नसतें.

आतां चरक. जुना हिंदी चरक म्हणजे दोन खुंट आणि त्यांत समोरासमोर बसविलेले दोन लोखंडी कांटे. या कांट्यांच्या मध्यें लांकडाचा तुकडा धरावयाचा, त्याला दोरीचा वेढा द्यावयाचा आणि कमानीनें किंवा मदतनिसाच्या हातानें दोरी पुढेंमागें ओढावयाची. कांतारी जमिनीवर बसून काम करतो व हत्याराला पायाच्या बोटांचा आधार देतो. लांकूड एकदां पुढें फिरतें, एकदां मागें. आपल्याकडे येणाऱ्या फेऱ्यांतच पटाशी लागली पाहिजे, उलट फेऱ्यांत ती केंसभर दूर झाली पाहिजे. हा ताल हाताला बसण्यास वर्षें लागत. विजेच्या चरकावर लांकूड एकाच दिशेनें अखंड फिरतें, त्यामुळें मदतनीस लागत नाहीं आणि काम कितीतरी जलद होतें. परंतु विजेचा चरक चूकहि तितक्याच वेगानें करतो. हात हलला कीं एका क्षणांत भिंत पातळ होते.

तुकडा प्रथम ढोबळ गोल करून घेतात आणि एका बाजूनें चरकाच्या तोंडांत घट्ट बसवितात. मग मोकळ्या टोंकांतून भोंक पाडावयाचें. येथें लांकूड फिरतें आणि गिरमिट स्थिर राहतें. असें केल्यानें गिरमिट आपोआप मध्य धरून चालतें. उलट, स्थिर लांकडांत फिरतें गिरमिट घातलें तर तें रेषांच्या ओढीनें एका कुशीस जाण्याची भीति असते. भोंक अर्धा इंच व्यासाचें आणि पावणेतीन इंच खोल. शेवटचा पाव इंच भरींव राखावयाचा, कारण तोच शिटीचा बंद तळ. गिरमिट वरचेवर बाहेर काढून भुसा झाडावा लागतो, नाहीं तर तो आंत दाटतो, तापतो व लांकूड चिरतें. भोंक पाडून झालें कीं आंतील भिंत काठीला गुंडाळलेल्या काचकागदानें घांसून गुळगुळीत करतात. ही जागा कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं; पण हवा तेथेंच राहावयाची असल्यामुळें घांसण्यांत कुचराई चालत नाहीं.

यानंतर बाहेरचा आकार. भोंकांत घट्ट बसेल असा एक दट्ट्या चरकावरच कांतून घेतात आणि शिटी त्यावर चढवितात. आतां लांकूड फिरतें तें आपल्या पोकळीच्या मध्याभोंवतीं. बाहेरून कोठेंहि कापलें तरी भिंतीची जाडी चहूंकडे सारखी उतरते. सुताराच्या मापानें आठ सुतांचा एक इंच. शिटीचा बाहेरचा व्यास सात सूत, पोकळी चार सूत, म्हणजे प्रत्येक बाजूस भिंत दीड सूत. याच वेळीं पटाशीच्या टोंकानें एखाद-दुसरी खांच आणि तळाशीं एक गोलवा काढतात. आकार पुरा झाला.

मात्र येथपर्यंत जें तयार झालें, ती शिटी नव्हे. ती एक बंद तळाची नळी आहे. चरकाचें काम संपलें आणि सुरीचें सुरू झालें. नळीच्या उघड्या तोंडापासून सहा सुतांवर, बारीक दांतांच्या करवतीनें वरून सरळ एक काप घेतात. तो पोकळींत पोंचला कीं थांबावयाचें. मग तळाकडच्या बाजूनें सुरीनें उतार कापीत त्या कापाकडे यावयाचें. उतार जेथें पोकळीला भिडतो, तेथें एक पातळ, सरळ धार तयार होते. ही धार शिटीचा ओठ. काप आणि धार यांमधील उघडी जागा ती खिडकी; तिची रुंदी सुमारें तीन सूत आणि लांबी एक ते दीड सूत. शिटीचा आवाज येथें ठरतो.

राहिली खुंटी. चार सूत व्यासाची एक गोल काडी कांतून तिचा सहा सुतांचा तुकडा घेतात आणि त्याची वरची पाठ सपाट तासतात. हा तुकडा तोंडांतून आंत सरकविला कीं खालून आणि बाजूंनीं तो पोकळीला चिकटून बसतो. वरती मात्र सपाट पाठ आणि गोल भिंत यांमध्यें एक चिंचोळी फट राहते. तीन-चार पोस्टकार्डें एकावर एक ठेवावीं, इतकी तिची उंची. फुंक जाण्याची वाट हीच. खुंटीचें आंतलें टोंक खिडकीच्या उभ्या कडेशीं अगदीं समपातळीस आलें पाहिजे, आणि फटींतून निघालेला वाऱ्याचा पापुद्रा समोरच्या धारेवर बरोबर आपटला पाहिजे. तोंडाचा खालचा भाग तिरका कापला कीं शिटी ओठांत नीट बसते.

आतां ती फुंकून पाहावयाची. पहिल्या फुंकरीस शिटी क्वचितच वाजते. बहुधा नुसता फुस्स असा आवाज येतो. नवशिक्या उमेदवार येथें घाबरतो व खिडकी मोठी करूं लागतो. जाणता कांतारी हत्यार खालीं ठेवतो आणि कान देतो. आवाजांत वारा फार आणि सूर थोडा असेल, तर धार बोथट आहे किंवा फट जास्त उंच आहे, किंवा वाऱ्याचा पापुद्रा धारेच्या वरून वा खालून निसटत आहे. जरा जोरानें फुंकतांच सूर एकदम किंचाळून वर उडत असेल, तर खिडकी आंखूड आहे. उलट, सूर उठण्यास फार जोर लागत असेल आणि तो मंद, दबलेला येत असेल, तर खिडकी लांब झाली आहे. पहिल्या दोषांवर उपाय आहे. धार पुन्हां लावतां येते. खुंटी पुढेंमागें सरकवितां येते, नवी करतां येते. खिडकी आंखूड असेल तर केंसाकेंसानें वाढवितां येते. लांब झालेली खिडकी मात्र पुन्हां आंखूड करतां येत नाहीं. कापलेलें लांकूड परत लागत नाहीं. म्हणून खिडकी नेहमीं मुद्दाम लहानच कापतात आणि कानानें विचारीत विचारीत वाढवितात. खुर्चीच्या पायांत एक सुताची चूक झाली तर ती दृष्टीसहि पडत नाहीं. शिटींत सुताचा अष्टमांश चुकला तर सारी मेहनत मुकी होते. जी वस्तु खेळणें म्हणून विकावयाची, तिलाच सर्वांत अधिक कांटेकोरपणा लागतो.

ही धार काय करते, हें थोडक्यांत असें. फटींतून आलेला वाऱ्याचा पापुद्रा धारेवर फुटतो. त्याचा कांहीं भाग आंत जातो, कांहीं बाहेर. आंत गेलेला वारा पोकळींतल्या हवेस दाबतो. ती हवा स्प्रिंगेसारखी उलटून पापुद्र्यास बाहेर ढकलते. तो बाहेर गेला कीं आंतील दाब उतरतो आणि पापुद्रा पुन्हां आंत ओढला जातो. अशा रीतीनें पापुद्रा धारेच्या आंतबाहेर झुलूं लागतो, आणि त्याच्या झुलण्याचा वेग पोकळीची लांबी ठरविते. एका टोंकास बंद असलेल्या नळींत ध्वनिलहरीची लांबी नळीच्या चौपट असते. येथें पोकळी दोन इंच, म्हणून लहर आठ इंचांची. हवा सुमारें ३० अंश सेंटिग्रेड उष्ण असतांना ध्वनि दर सेकंदास सुमारें ११४५ फूट जातो. त्यास आठ इंचांनीं भागिलें म्हणजे सेकंदाला सुमारें १७०० कंपनें होतात. खिडकीबाहेरचीहि थोडी हवा या झुलण्यांत सामील होत असल्यामुळें प्रत्यक्ष स्वर याहून जरा खालीं लागतो. पोकळी दीड इंचाचीच राखली असती, तर कंपनें हिशेबानें सुमारें २३०० झालीं असतीं. पहिला स्वर षड्ज मानला तर हा मध्यम. तळ उघडा ठेवला असता तर लहर नळीच्या दुप्पटच राहिली असती आणि स्वर एक सप्तक चढला असता. बंद तळामुळें एवढ्याशा नळींतून खालचा सूर मिळतो, हा पाव इंच भरींव लांकडाचा लाभ आहे.

सूर जमल्यावर रंग. हें लाखेचें काम पाहण्यास फार मनोरम आहे. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांचा राळेसारखा स्राव. ती तापवून, तींत रंग मळून तिच्या कांड्या करतात. फिरत्या लांकडावर अशी कांडी दाबून धरली कीं घर्षणाच्या उष्णतेनेंच लाख मऊ होते आणि लांकडावर पसरत जाते. मग केवड्याची वाळलेली पात त्यावर दाबली म्हणजे रंग सारखा बसतो व झळाळी येते. ब्रश नाहीं, तेल नाहीं, वाळण्याची वाट पाहणें नाहीं. मात्र दोन ठिकाणीं कांताऱ्यानें हात आवरला पाहिजे. एक, खिडकीची धार आणि वाऱ्याची फट. तेथें लाखेचा एक थेंब ओघळला तरी सूर गेला. दुसरें, ओठांत जाणारें टोंक. तें कोरेंच ठेवणें इष्ट. आणि रंग कोणता, हा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. हळद, नीळ यांसारख्या वनस्पतींच्या रंगांनीं भागत असतें. परंतु शेंदूर हा शिशापासून होतो, आणि हरताळांत सोमल असतो. दोन्ही जुने, चमकदार आणि स्वस्त रंग, आणि दोन्ही विषारी. शिसें लहान मुलाच्या शरीरांत थोडें थोडें सांचत जातें आणि त्याच्या वाढत्या मेंदूस अपाय करतें. लांकूड आहे म्हणून खेळणें निर्धोक, असें समजूं नये. घेतांना रंगाची चौकशी करणें हें आईबापांचें काम, आणि खरें उत्तर देणें हें विकणाऱ्याचें.

एवढा खटाटोप करून लांकूड पोखरण्याची गरजच काय, असें कोणी विचारील. वेळू आयताच पोकळ असतो. तें खरें आहे. आपल्या देशांत मुरली आणि अलगूज बहुतेक वेळूचेंच होत आलें. मुरली आडवी धरतात, अलगूज उभें. अलगुजाला शिटीसारखीच खुंटी आणि खिडकी असते, म्हणून तें नवशिक्यासहि चटकन वाजतें. सनईसारखें वाद्य सोडलें, तर लांकूड पोखरण्याचा प्रसंग येथें कमी आला. युरोपांतील थंड मुलखांत वेळू नव्हता. तेथें अलगुजाच्या जातीचें वाद्य लांकूड कांतूनच करावें लागलें. त्यास इंग्रजींत रेकॉर्डर म्हणतात. हल्लीं ध्वनि मुद्रित करणाऱ्या यंत्रासहि हाच शब्द लावतात, पण वाद्याचें नांव त्याहून कितीतरी शतकें जुनें आहे. सतराव्या शतकांत फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतांत ला कूत्यूर या खेड्यांत ओतेतेर नांवाचें घराणें राहत असे. मूळचे ते कांतारीच. एका लांब तुकड्यांत अचूक पोकळी साधणें कठीण. वाद्य तीन तुकड्यांत करून सांध्यांनीं जोडलें तर प्रत्येक तुकडा चरकावर नेमका करतां येतो. रेकॉर्डरला मिळालेल्या या नव्या रूपाशीं या घराण्याचें नांव जोडलें जातें. फ्रान्समध्येंच कांतकामाची उमेदवारी केलेला ब्रेसन नांवाचा कारागीर १६८८ मध्यें लंडनला गेला आणि त्यानें केलेलीं वाद्यें आजहि संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत.

पण पुढें आडव्या बासरीचा मोठा आवाज लोकांस अधिक आवडूं लागला. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रेकॉर्डर मागें पडला, आणि मागणी गेली तशी करणाऱ्यांची परंपराहि तुटली. सुमारें दीडशें वर्षें हें वाद्य जवळजवळ मुकेंच होतें. जुने नमुने कपाटांत होते. ते कसे करावे, हें हातांना ठाऊक असलेला माणूस उरला नव्हता. आर्नोल्ड डॉल्मेच या जुन्या संगीताच्या अभ्यासकानें १९०५ मध्यें ब्रेसनच्या हातचा एक रेकॉर्डर विकत घेतला. तो वाजवून तो लोकांस जुन्या रचना ऐकवूं लागला. १९१९ मध्यें एका प्रवासांत लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या सात वर्षांच्या मुलाच्या हातून ती वाद्याची पिशवी फलाटावरच राहिली. गाडी सुटली आणि वाद्य गेलें. तसें दुसरें बाजारांत मिळण्यासारखें नव्हतें. तेव्हां डॉल्मेचनें तें स्वतः करावयाचें ठरविलें. तो हुशार कारागीर होता. सतारीसारखीं तंतुवाद्यें युरोपांत जीं पूर्वीं होतीं, तीं त्यानें पुष्कळ घडविलीं होतीं. तरीहि रेकॉर्डरचे अनेक प्रयत्न फसले. पोकळी कोठें किती निमुळती, धार किती पातळ, फट किती उंच, हें सर्व त्याला नव्यानें, एकेक तुकडा वायां घालवून शिकावें लागलें. अखेर सूर लागला. हॅसलमीअर गांवीं त्याच्या कारखान्यांत रेकॉर्डर होऊं लागले; १९२५ पासून तेथें जुन्या संगीताचा वार्षिक उत्सव भरूं लागला; १९३० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या शाळांतून हें वाद्य मुलांना शिकवूं लागले. ज्या मुलाच्या हातून पिशवी राहिली, तो कार्ल डॉल्मेच पुढें या वाद्याचा नामांकित वादक झाला. हरवलेला मूळ रेकॉर्डरहि कालांतरानें सांपडला.

ही हकीकत गोड शेवटाची आहे, म्हणून तिच्यांतील धोका विसरूं नये. वाद्याचे नमुने होते, त्यासाठीं लिहिलेलें संगीत होतें, श्रीमंत रसिक होते. फक्त करणारा हात नव्हता, आणि एवढ्यासाठीं दीडशें वर्षें गेलीं. पोकळीचें माप कागदावर लिहून ठेवतां येतें. धार लावतांना कोठें थांबावें, हें कागदावर उतरत नाहीं. तें एका माणसाजवळ बसून दुसऱ्यानें पाहावें लागतें, त्याच्यासमोर दहा-वीस शिट्या मुक्या कराव्या लागतात. आपल्याकडील कांताऱ्यांच्या दुकानांत हें शिक्षण आजपर्यंत मुकाट्यानें होत आलें. खेळण्यांचा बाजार आतां बहुतांशीं सांचांतून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या मालानें भरलेला आहे. त्या मालास नुसतीं नांवें ठेवून उपयोग नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉल्मेच कुटुंबानेंच बेकेलाइटचे रेकॉर्डर काढले, आणि त्यामुळें गरीब मुलांनाहि सुरांत वाजणारें वाद्य मिळालें. सांच्यांतून निघालेली शिटी पावसानें फुगत नाहीं, स्वस्त असते आणि पहिल्या फुंकरीस वाजते. पण तो सांचा तयार करण्यापूर्वीं कोणा एकानें तें माप लांकडांत शोधून काढलेलें असतें. शोधणारा हात राहिला नाहीं, तर सांचे जुन्याच शिट्यांच्या नकला काढीत बसतील.

कांताऱ्याच्या मुलानें बापाचाच धंदा करावा, असें त्याला कोणी सांगूं शकत नाहीं. लाटणें आणि शिटी एकाच भावानें विकावयाची असेल, तर शिटीवर घातलेला वेळ त्याला परवडत नाहीं, आणि तो ती करणें सोडतो. यांत त्याचा दोष नाहीं. घेणाऱ्यानें मात्र हा फरक ओळखावा. कांतीव शिटी हातीं घेतली कीं रंग पाहण्यापूर्वीं खिडकींतून धार पाहावी, हलकेच फुंकावी. मंद फुंकरीसहि जी स्वच्छ बोलते, ती चांगल्या हातची. तिच्यासाठीं दोन पैसे अधिक मागितले तर ते वाजवी समजावे. जवळपास चरक चालत असेल, तर मुलाला घटकाभर तेथें उभें करावें. पाटीवरच्या दहा उदाहरणांनीं जें कळत नाहीं, तें एका फुंकरीचा सूर जमतांना पाहून कळतें.

आणि घरांतली लांकडी शिटी एके दिवशीं मुकी झाली, तर ती फेंकून देऊं नये. बहुधा तिला कांहींएक झालेलें नसतें. तोंडांतल्या ओलाव्यानें खुंटी फुगते व फट मिटते, किंवा खिशांतला एखादा धागा धारेवर अडकतो. शिटी उन्हांत न ठेवतां सावलींत दोन दिवस वाळूं द्यावी. खिडकींतला केर पिसाच्या टोंकानें काढावा. धारेस लोखंड लावूं नये. खुंटी सुटून आंत सरकली असेल, तर एका काडीनें खिडकीतून ती हळूच मागें लोटावी, तिचें टोंक कापाच्या कडेशीं येईपर्यंत. मग हलकी फुंक मारावी. सूर परत आलेला असतो. कोनाड्यांत पडलेल्या शिटीसाठीं एवढी दोन मिनिटें कोणी वडील माणसानें काढलीं, आणि मूल जवळ उभें राहून पाहत असलें, तर कांताऱ्याच्या दुकानांतला पहिला धडा त्या घरांत झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.